मामांची पॉइंट टू-टू: जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल साफ करण्याची, राखण्याची आणि चालवण्याची रीत

बंद पडलेली जुनी पॉइंट टू-टू (म्हणजे 0.22 इंच मापाची) सेमी-ऑटोमॅटिक (म्हणजे दर गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी) रायफल उघडून पाहिली, तर मोडलेला भाग तिच्यात क्वचितच सापडतो. सापडतो तो चिकटा. माझ्या मामांची रायफल सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात त्यांच्या वाड्यात कित्येक वर्षे भिंतीवर टांगलेली होती. बोल्ट, म्हणजे काडतुसामागे टेकणारा सरकता पोलादी ठोकळा, मागे ओढला की तो अर्ध्यावरच थांबायचा, आणि 'आतली स्प्रिंग गेली' असे घरातला प्रत्येक जण सांगायचा. प्रत्यक्षात स्प्रिंग ठणठणीत होती. मामा दर दसऱ्याला तिच्यात घाण्यावरचे करडईचे तेल सोडत असत आणि त्या तेलाचे आत मधासारखे पिवळे, वार्निशासारखे घट्ट थर बसले होते. करडईचे किंवा जवसाचे तेल हवेने वाळून कडक होते, आणि लाकडाला हितकारक असलेला हाच गुण यंत्राच्या मुळावर येतो. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्यातला मोठा भाग साफसफाईचा आहे, आणि कुठे हात आवरावा याचाही आहे.

हत्याराला हात लावण्यापूर्वी कागद पाहावेत. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि वडिलांचा किंवा मामांचा परवाना आपोआप आपल्या नावावर येत नाही. परवानाधारक गेल्यावर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो. सोलापूर शहराच्या हद्दीत हा अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीची वर्गवारी साध्या बोल्ट-ॲक्शनपेक्षा, म्हणजे दर गोळीला बोल्ट हाताने मागेपुढे करायच्या रायफलीपेक्षा, वेगळी आणि कडक आहे. त्यामुळे परवान्यावर रायफलीचे वर्णन, बोअर (नळीच्या छिद्राचे माप) आणि क्रमांक जसेच्या तसे उतरले आहेत का, हे अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. जुन्या परवान्यांवर नुसते 'पॉइंट टू-टू रायफल' एवढेच लिहिलेले आढळते. तसे असेल तर परवाना शाखेकडून आधी खुलासा करून घ्यावा आणि मगच पुढे जावे.

दुसरी गोष्ट याच कायद्यातली आहे आणि ती हौशी माणसाला सहसा ठाऊक नसते. बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. पुसणे, तेल देणे आणि मालकाने नेहमीच्या साफसफाईसाठी जेवढे भाग उघडायचे असतात तेवढे उघडणे, इथपर्यंतच घरचे काम. चाप, सिअर (चाप ओढेपर्यंत यंत्र अडवून धरणारा खटका), फायरिंग पिन (काडतुसावर आदळून ते पेटवणारी) आणि नळीचा चेंबर (काडतूस बसते ती मागची जागा) यांना कानस लावायचे काम परवाना असलेल्या कारागिराचेच आहे. नळी आखूड करणे किंवा क्रमांक घासून काढणे हा सरळ गुन्हा आहे. गंज काढताना क्रमांकाची अक्षरे पुसट झाली तरी पुढे उत्तरे देत बसावे लागते, म्हणून त्या जागेला लोखंडी काथ्या (स्टील वूल) लावूच नये.

आता ही रायफल कशी चालते ते थोडे पाहू, कारण ती इतकी घाण का होते याचे उत्तर तिच्या चालण्यातच आहे. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस 1887 पासूनचे. त्यातला पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये भरलेला असतो, आणि फायरिंग पिन त्या कडेवर आदळते. बहुतेक जुन्या पॉइंट टू-टू सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बोल्टला कुलूप नसते. बोल्टचे वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच तो पुंगळीला टेकून असतो. गोळी सुटली की तिला पुढे ढकलणारा दाबच पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी बोल्टला ढकलते, बोल्ट मागे जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि परत येताना नवे काडतूस चेंबरमध्ये सारतो. हे सगळे नळीत धूर असतानाच घडते. त्यामुळे काजळी, न जळलेले दारूचे कण आणि शिशाच्या गोळीवरचे मेण यांचे मिश्रण दर फैरीला थेट यंत्रात फुंकले जाते. बोल्ट-ॲक्शनमध्ये हीच घाण बरीचशी नळीतच राहते. म्हणूनच बोल्ट-ॲक्शन दहा वर्षे दुर्लक्ष सोसते, पण सेमी-ऑटोमॅटिक एका पावसाळ्यात रुसते.

मामांची रायफल बेल्जियममधल्या हर्स्टल गावच्या एफएन कारखान्याची आहे. अमेरिकन बंदूककार जॉन ब्राउनिंगने आखलेले आणि 1914 पासून तिथे बनू लागलेले हे नमुनेदार हत्यार आहे. रेमिंग्टनने अमेरिकेत तीच रचना 1922 पासून मॉडेल 24 या नावाने बनवली. ब्राउनिंगचा मृत्यूही 1926 मध्ये याच एफएन कारखान्यात काम करत असताना झाला. रायफल वजनाला जेमतेम सव्वादोन किलोच्या आतबाहेर. काडतुसे दस्त्यातल्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडातल्या, नळकांड्यात, उजव्या बाजूच्या लंबगोल खिडकीतून भरायची. रिकाम्या पुंगळ्या मात्र खालून पडतात, त्यामुळे नवखा माणूस बाही दुमडून बसला तर गरम पुंगळी थेट कोपराशी जाते. नळीवर लंबगोलात ईएलजी ही अक्षरे आणि वर मुकुट असला, तर ती बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीगृहातून तपासून निघाली आहे असे समजावे. अशा खुणा वहीत काढून ठेवाव्यात. हत्याराचे वय आणि मूळ ठरवताना त्याच कामाला येतात.

कामाला बसण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करावी, आणि ती नजरेने व बोटाने अशा दोन्ही प्रकारे करावी. दस्त्यातले आतले नळकांडे पूर्ण बाहेर ओढावे, नळी निर्धोक दिशेला धरून बोल्ट तीन-चार वेळा मागेपुढे करावा, मग उजेडात चेंबर पाहावा आणि करंगळी घालून चाचपावा. नळकांड्याची रायफल या बाबतीत फसवी असते. वर्षानुवर्षे चिकट्यात अडकलेले एखादे काडतूस अर्ध्या वाटेवर थांबलेले असते आणि तेल लागून मोकळे झाले की पुढे सरकते. काडतुसे त्या खोलीतच असू नयेत.

या नमुन्याची नळी मूठभर श्रमात सुटते. बोल्ट किंचित मागे धरायचा, पुढच्या लाकडाखालचा खटका पुढे सरकवायचा आणि नळी पाव वळसा फिरवायची. जुन्या चिकट्यामुळे फिरत नसेल, तर पक्कड मुळीच लावू नये. सांध्यावर भेदक तेलाचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवावे. सकाळी हाताने फिरते. आमची तिसऱ्या दिवशी फिरली. त्या दोन दिवसांत मामेभावाने, 'हातोडीचा एक ठोका दिला असता तर?' असे किमान चार वेळा विचारले.

सामान फारसे लागत नाही, पण जे लागते ते योग्य हवे. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा, टोकाला समांतर पाते असलेला स्क्रूड्रायव्हर घ्यावा. बाजारातला पाचरीसारखा निमुळता पेचकस घसरतो आणि खाच कुरतडतो. जुन्या रायफलीला कोणाचा हात लागला होता, हे कारागीर स्क्रूची डोकी पाहूनच ओळखतो. नळी साफ करायचा पितळी किंवा आवरण असलेला गज, पॉइंट टू-टूच्या मापाचा ब्राँझचा ब्रश, जुना टूथब्रश, बांबूच्या काड्या, बंदुकीचे हलके तेल आणि मिनरल टर्पेंटाइन एवढे पुरते. हलक्या तेलाऐवजी शिलाई मशीनचे तेलही चालते. चिंध्यांच्या बाबतीत सोलापूरकराने एक मोह टाळावा. आपल्याकडे टॉवेलच्या कापलेल्या कडा किलोवर मिळतात, पण टर्किश टॉवेल लव सोडतो आणि ती लव एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या नखाच्या, खाचेत जाऊन बसते. धुऊन धुऊन विरलेले धोतर या कामाला सर्वांत चांगले. सुट्या भागांचे फोटो प्रत्येक पायरीला काढावेत, आणि स्प्रिंग असलेला कोणताही भाग पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून सोडवावा, म्हणजे उडालेली स्प्रिंग गच्चीवर शोधत बसावे लागत नाही.

सुटलेले पोलादी भाग टर्पेंटाइनमध्ये तासभर बुडवून ठेवावेत आणि मग टूथब्रशने घासावेत. वाळलेल्या वनस्पती तेलाचा थर टर्पेंटाइनला लवकर दाद देत नाही. तिथे बांबूच्या काडीने खरवडावे, पुन्हा भिजवावे, पुन्हा खरवडावे. लोखंडी सुई वापरू नये. सगळ्यांत जास्त वेळ तीन जागांना द्यावा. पहिली जागा बोल्टच्या तोंडाची, जिथे पुंगळीचे बूड टेकते. तिथे काजळीचा कडक थर बसला की काडतूस पूर्ण आत जात नाही. दुसरी एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची. पुंगळी अडकण्याचे दुखणे बहुतेक वेळा इथूनच निघते. तिसरी जागा चेंबरची. कोणी लाँग रायफलच्या चेंबरमध्ये आखूड 'शॉर्ट' काडतुसे चालवली असतील, तर त्यांच्या टोकापुढे काजळीचे कडे तयार होते, आणि मग लांब काडतूस त्या कड्यावर अडते. ब्राँझचा ब्रश चेंबरमध्येच ठेवून हाताने गोल फिरवला की हे कडे निघते. टर्पेंटाइनने धुतलेले पोलाद उघडे असते आणि त्याला तासाभरातही तांबूस छटा येऊ शकते, म्हणून पुसल्यावर लगेच तेलाचे बोट फिरवावे. बोट म्हणजे बोटच. तेल थेंबाथेंबाने सोडायचे नसते. आपल्या काळ्या मातीची धूळ इतकी बारीक असते की तेलकट यंत्र एका उन्हाळ्यात तिचा लेप करून घेते.

नळीच्या आतल्या बाजूविषयी माझे मत अनेक हौशी लोकांना पटत नाही, पण मी त्यावर ठाम आहे: पॉइंट टू-टूची नळी गोळ्यांनी झिजत नाही, गजाने झिजते. शिशाची गोळी मऊ असते, तिच्यावर मेण असते आणि दाबही मोठ्या रायफलीच्या मानाने कमी असतो. उलट, तोंडाकडून घातलेला वाकडा गज नळीच्या तोंडाची कड रोज थोडी थोडी खातो आणि नेम तिथेच बिघडतो. ज्या रायफलीची नळी सुटते तिच्यात गज मागूनच घालावा. रुगर 10/22 किंवा मार्लिन मॉडेल 60 सारख्या रायफलीत मागून वाट नसते. तिथे एनसीसीत शिकवतात तशी पुलथ्रूची, म्हणजे चिंधी ओढायची, दोरी चेंबरकडून सोडून तोंडाकडून ओढावी. दोन ओल्या चिंध्या, ब्रशचे पाच-सहा फेरे, मग कोरड्या चिंध्या करड्या निघेपर्यंत. पांढरीशुभ्र चिंधी निघायचा हट्ट धरू नये. नळीत जुने खड्डे दिसले तरी निराश होऊ नये. पूर्वीच्या काडतुसांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे, त्याचे क्षार ओल खेचत आणि नळी गंजवत. असे क्षार केवळ तेलाने निघत नाहीत, पाण्याने निघतात, म्हणून फार जुन्या रायफलीची पहिली सफाई गरम पाण्याच्या चिंधीने करून ती पूर्ण वाळवावी आणि मग तेल द्यावे. खड्डे पडलेल्या नळ्याही पुष्कळदा पंचवीस मीटरवर नीट मारतात.

बाहेरच्या रंगाबाबत माझी एक चूक सांगतो. नळीवरचा निळा-काळा मुलामा जागोजागी तपकिरी झाला होता. मी उत्साहाने जाड लोखंडी काथ्या घेऊन घासायला बसलो. पंधरा मिनिटांत गंज निघाला, त्याबरोबर उरलेला निळा रंगही निघाला आणि कारखान्याच्या नावातल्या एका अक्षराची कड बोथट झाली. ती आता परत येणार नाही. उठावाचा लाल गंज तेवढाच काढायचा असतो, आणि तोही तेल लावून, ब्राँझच्या किंवा सर्वांत बारीक, चार शून्य क्रमांकाच्या काथ्याने, वजन न देता. हात लागून लागून आलेला तपकिरी रंग गंज नव्हे. तो तसाच ठेवावा. पॉलिशच्या चाकावर चकचकीत केलेली आणि नव्याने रंगवलेली जुनी रायफल दुरून सुंदर दिसते, पण तिच्या कडा गोल होतात, अक्षरे वाहून जातात आणि जाणकाराच्या लेखी तिची किंमत उतरते. अक्कलकोटच्या राजवाड्यातला शस्त्रसंग्रह पाहायला गेलात, तर वापराच्या खुणा असलेल्या हत्यारांपुढे थोडे थांबून पाहावे, म्हणजे माझे म्हणणे ध्यानात येईल.

दस्त्याचे काम मात्र मनसोक्त करता येते. या नमुन्यात दस्ता आतून पोकळ असतो, त्यामुळे मनगटाजवळ चीर पडण्याचा संभव असतो. तिथे नख फिरवून पाहावे आणि चीर असेल तर गोळी न झाडता कारागिराकडे न्यावे. यंत्रातले तेल लाकडात मुरून ते काळे पडले असेल, तर खडूची भुकटी टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्यावा. लेप वाळताना तेल ओढून घेतो. दोन-तीन लेप लागतात. दबलेल्या खड्ड्यांचा उपाय बघण्यासारखा आहे. ओले सुती फडके खड्ड्यावर ठेवून त्यावर गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवले की वाफ तंतूंत शिरते आणि दबलेले लाकूड डोळ्यांदेखत वर येते. मामांच्या दस्त्यावर बैलगाडीच्या साटीचा चांगला बोटभर खड्डा होता. सहाव्या वाफेला तो तळहाताला लागेनासा झाला. तंतू तुटून पडलेला खड्डा असा येत नाही. जाळीदार नक्षीवर आणि धातूला टेकणाऱ्या कडेवर कधीही पॉलिश पेपर फिरवू नये, कारण लाकूड धातूपेक्षा खाली गेले की ते भरून काढता येत नाही.

शेवटी जवसाचे तेल. यंत्रात नको असलेले ते इथे हवे असते. घाण्यावरचे कच्चे तेल वाळायला फार दिवस घेते. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल घ्यावे, तळहाताने चोळून अगदी पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने जास्तीचे पुसावे आणि पुढचा हात दुसऱ्या दिवशी द्यावा. पाच-सहा हातांत लाकूड बोलू लागते. तेल लागलेली चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चिंध्यांच्या ढिगात ती साठून आपोआप पेट घेऊ शकते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेलेला असताना तर हा धोका आणखी वाढतो. चिंधी दोरीवर पसरून सुकवावी किंवा पाण्याच्या डब्यात टाकावी.

जोडल्यावर चाप रिकामा ओढून पाहण्याची सवय मोडावी. रिमवर मारणारी पिन काडतूस नसताना थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे ठोकर पाडते. ती ठोकर मग काडतुसाला आत जाऊ देत नाही. प्लास्टिकची नकली काडतुसे घालूनच यंत्राची चाचणी घ्यावी.

चालवायची ती मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या रेंजवरच. पॉइंट टू-टू छोटी आहे म्हणून शेतात, विहिरीच्या कडेने चालवून पाहणारे लोक मी पाहिले आहेत. तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि पाण्यावरून किंवा आपल्या काळ्या दगडावरून ती उसळते. शिकारीचा तर प्रश्नच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, आणि नान्नजचे माळढोक अभयारण्य आपल्या दारात आहे. पहिल्या फैरीला एकच काडतूस भरावे, मग दोन. दोन भरून एकदाच चाप ओढल्यावर दोन्ही गोळ्या सुटल्या, तर सिअर झिजली आहे असे समजून रायफल तिथेच थांबवावी, रिकामी करावी आणि कारागिराकडे द्यावी. काडतूस पेटले नाही तर नळी लक्ष्याकडे धरून मिनिटभर थांबावे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी मुळीच मारू नये. आधी नळीत गोळी अडकली आहे का ते पाहावे. बोल्ट पूर्ण मागे जात नसेल, तर काडतूस बदलून पाहावे. स्टँडर्ड वेगाच्या काडतुसाने काही रायफली आळसावतात, तर काही त्याच काडतुसाने गोड चालतात. आमची दुसऱ्या प्रकारची निघाली.

तिच्याकडून अपेक्षा मात्र माफक ठेवावी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या 50 मीटर थ्री पोझिशन्समध्येही हेच पॉइंट टू-टू काडतूस असते आणि दहाचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचे असते. ती रायफल एकेक गोळी भरायची, जड आणि त्याच कामासाठी घडवलेली असते. शंभरीला टेकलेली हलकी रायफल पंचवीस मीटरवर वाळूच्या पिशवीवरून चहाच्या बशीत दहा गोळ्या बसवत असेल, तर ती उत्तम आहे. तिची गंमत वेगळीच आहे: चापाची हलकी टकटक, खालून पडणाऱ्या पुंगळ्या आणि खांद्याला जवळजवळ न जाणवणारा धक्का.

ठेवताना चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत ठेवू नये. त्या ओल धरतात. आपल्याकडे पाऊस कमी, पण सप्टेंबरात तो जोरात येतो आणि कपाटातली हवा दमट होते. सुक्या लाकडी पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, तोंड किंचित खाली करून ठेवावे, म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही. पेटी कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात असावीत.

आणि खंडेनवमी. मामांच्या रायफलीच्या उजव्या अंगावर रुपयाएवढा एक खोल डाग आहे, आणि त्याची कड पाकळ्यांसारखी कातरलेली आहे. दर वर्षी ओला झेंडू आणि हळदकुंकू तिथेच ठेवले जाई आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसेच राही. मी मामींना तो डाग दाखवला तेव्हा त्या बराच वेळ त्यावर बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "अरे, मग पूजा पेटीची करू की. तीही तुझ्या मामांनीच करून घेतली होती." तेव्हापासून आमच्याकडे हळदकुंकू पेटीच्या झाकणावर वाहतात, आणि रायफल त्या दिवशी फक्त कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचे बोट फिरवून परत आत जाते.